आपला दावा खरा आहे, मग फॉरवर्ड खोटे कशाला?

"खरा मराठी असशील तर हा मेसेज दहा ग्रुपवर टाक. नाही टाकलास तर समजू की रक्तातच खोट आहे."

या अर्थाचा मेसेज सीमाभागातल्या कुठल्याही पोराच्या मोबाईलमध्ये सापडेल. 1 नोव्हेंबर जवळ आला की त्यांचा पूर येतो. वर भगवा, खाली लाल अक्षरं, मध्ये एखादा व्हिडिओ. तो कुठला, कधीचा, काढला कुणी, काही पत्ता नसतो. व्हिडिओत कुणीतरी कुणालातरी मारत असतं. मारणारा कन्नड आणि मार खाणारा मराठी, असं आपण धरून चालतो, कारण वर तसं लिहिलेलं असतं. तोच व्हिडिओ पलीकडच्या ग्रुपवर उलट्या मथळ्याने फिरत असतो हे आपल्याला दिसत नाही.

मला या मेसेजवर बोलायचंय. आणि सुरुवातीलाच सांगते, "दोन्ही बाजू सारख्याच वाईट" असलं गुळमुळीत काही मी लिहिणार नाहीये. माझ्या मते सीमाभागाची मागणी न्याय्य आहे. म्हणूनच खोट्या फॉरवर्डचा मला जास्त राग येतो. ज्याची केस कच्ची असते त्याला खोट्या साक्षीदाराची गरज पडते. आपल्याकडे गावांच्या याद्या आहेत, जनगणनेचे आकडे आहेत, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे. एवढं असताना आपण कुणाच्यातरी कापलेल्या व्हिडिओवर विसंबतो, आणि तो खोटा निघाला की आपली खरी कागदपत्रंही लोकांना खोटी वाटायला लागतात.

मी खानापूर तालुक्यातली. वडील फौजेत, त्यांच्या बदलीमुळे सध्या ग्वाल्हेरला आहे आणि इथेच राज्यशास्त्रात एम.ए. करतेय. लांब बसून शहाणपण शिकवतेय असं कुणाला वाटेल. पण ग्वाल्हेरचं नाव मुद्दाम घेतलं. प्रोपगंडातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त हत्यार कसं चालतं, ते या शहरात उघड्यावर बघायला मिळतं. ते हत्यार म्हणजे एक शब्द: गद्दार.

1 जून 1858 ला इथल्या मोरारजवळ जयाजीराव शिंद्यांचं सैन्य एका बाजूला होतं. दुसऱ्या बाजूला तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीची राणी. शिंद्यांचे बरेचसे सैनिक न लढता समोरच्यांनाच जाऊन मिळाले, जयाजीराव आग्र्याला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. त्याच महिन्यात राणी ग्वाल्हेरजवळ लढताना पडली. फुलबागेपाशी तिची समाधी आहे. यात आपल्यासाठी पहिला धडा असा की जयाजीराव मराठी, त्यांचे दिवाण दिनकरराव राजवाडे मराठी, राणी मराठी, तात्या टोपे मराठी. "मराठी" ही तेव्हाही एक बाजू नव्हती. कोण कुठे उभं राहिलं ते भाषेवरून ठरलं नव्हतं.

दुसरा धडा आजचा. 2017 मध्ये अटेरच्या पोटनिवडणुकीत भाजपचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी प्रचारसभेत 1857 काढलं आणि शिंद्यांनी इंग्रजांच्या साथीने जुलूम केल्याचं म्हटलं. तेव्हा ज्योतिरादित्य शिंदे काँग्रेसमध्ये होते. मार्च 2020 मध्ये ते भाजपमध्ये आले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मध्य प्रदेशात 28 जागांवर पोटनिवडणूक झाली आणि आता "गद्दार" ओरडायची पाळी काँग्रेसची होती. 1858 मध्ये काय झालं त्यात या तीन वर्षांत तसूभरही फरक पडला नव्हता. नवीन कागद सापडला नव्हता, नवीन संशोधन झालं नव्हतं. ज्योतिरादित्य कुठल्या व्यासपीठावर बसलेत तेवढं बदललं, आणि इतिहासाने बाजू बदलली. (महाराष्ट्रात 2022 पासून हाच शब्द दुसऱ्या एका शिंद्यांना चिकटलाय. या आडनावाच्या नशिबीच तो आहे बहुतेक.)

राणी थोर होती की जयाजीराव चुकले, ते इथे ठरवायचं नाही. शब्दाचं काम काय, ते बघा. "गद्दार" म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही. कुठला निर्णय चुकला, का चुकला, दुसरा रस्ता होता का, सगळं बंद. शिक्का मारला, विषय संपला.

आता आपल्या घरी या. 2018 च्या विधानसभा निवडणुकीत समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. 2023 लाही नाही. ज्या खानापुरातून, ज्या बेळगावातून वर्षानुवर्षं समितीची माणसं विधानसभेत गेली, तिथे दोनदा शून्य. का झालं असं? 2018 मध्ये दोन गट एकमेकांसमोर उभे होते, ते का? तरुण मतदार का गेला? हे प्रश्न आपण एकमेकांना विचारायला हवेत. आणि ग्रुपवर कुणी विचारले की काय उत्तर येतं ते तुम्हाला माहितीये. एक गट दुसऱ्याला गद्दार म्हणतो, दुसरा पहिल्याला, आणि प्रश्न विचारणारा दोघांच्या लेखी गद्दार. पलीकडच्या संघटना आपल्याला "कन्नडद्रोही" म्हणतात तेव्हा आपल्याला लगेच कळतं की हा मुद्दा नाही, शिवी आहे. तेच हत्यार आपल्या हातात आलं की त्याचं नाव "निष्ठा" कसं काय होतं?

1937 मध्ये न्यूयॉर्कला इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिस नावाची संस्था निघाली. रेडिओ नवा होता, जर्मनीत हिटलर त्यावरून बोलत होता आणि अमेरिकेत फादर कॉफलिन नावाचे पाद्री लाखो लोकांना ज्यूंविरुद्ध भडकवत होते. या संस्थेने लोकांना ओळखता याव्यात म्हणून सात युक्त्यांची यादी केली. आपल्या भाषेत सांगायच्या तर अशा: शिक्का मारणे, गोंडस शब्द वापरणे, दुसऱ्याचं तेज उसनं घेणे, मोठ्या माणसाची साक्ष काढणे, "मी तुमच्यातलाच" म्हणणे, सोयीचे पत्ते वर ठेवून गैरसोयीचे लपवणे, आणि "सगळे निघालेत, तूच मागे का" म्हणून ढकलणे. यादीला जवळजवळ नव्वद वर्षं होत आली. वर दिलेला "दहा ग्रुपवर टाक" मेसेज तिच्यापुढे धरा, त्या दोन ओळींत पहिली आणि सातवी युक्ती ठासून भरलेली दिसेल.

ही संस्था फार टिकली नाही. अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली त्या सुमारास ती बंद झाली. शत्रूच्या प्रचाराची चिकित्सा सगळ्यांना आवडते. आपल्याच बाजूच्या प्रचाराची चिकित्सा करायची वेळ आली की ती नकोशी होते. आपणही नेमके तिथेच उभे आहोत.

सहावी युक्ती, म्हणजे पत्ते लपवणं, सीमाप्रश्नात सगळ्यात जास्त चालते. आणि ती आकड्यांनी चालते, म्हणून पकडायला अवघड जाते.

कर्नाटकाच्या बाजूने नेहमी येणारी पोस्ट घ्या: "बेळगाव जिल्ह्यात कन्नड बहुसंख्य आहे, मग वाद कसला?" आकडा खोटा नाही. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात मातृभाषा कन्नड सांगणारे साधारण दोन तृतीयांश आहेत आणि मराठी पाचव्या हिश्शाच्या आसपास. पण मागणी अख्ख्या जिल्ह्याची कधी होती? या जिल्ह्यात सौंदत्ती आणि रामदुर्गही येतात. तिथली कन्नड लोकसंख्या मिळवून खानापूर-निपाणीच्या मराठी गावांचं उत्तर काढणं म्हणजे दोन वर्गांचे मार्क एकत्र करून एका वर्गाला नापास करणं. मापाचं एकक बदललं की उत्तर बदलतं. 1956 पासूनचा सगळा वाद खरं तर याच एका प्रश्नाभोवती आहे, की एकक जिल्हा धरायचं की गाव.

गाव धरावं, ही आपली मागणी हवेतली नाही. आंध्र आणि मद्रास यांच्या सीमेचा वाद ह. वि. पाटसकरांनी याच सूत्राने सोडवला. गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकांची इच्छा. त्यावर संसदेने 1959 मध्ये कायदा केला आणि 1 एप्रिल 1960 पासून गावं इकडची तिकडे झाली. मी सध्या ज्या राज्यात राहते, त्या मध्य प्रदेशाचे पाटसकर तेव्हा राज्यपाल होते. तिकडे चाललेलं सूत्र आपल्याला का लागू नाही, हा आपला सगळ्यात मजबूत प्रश्न आहे. किती फॉरवर्डमध्ये तो वाचलाय तुम्ही?

पुढची पोस्ट: "महाजन आयोगाचा अहवाल अंतिम!" बरं. ऑक्टोबर 1966 मध्ये आयोग नेमला, 1967 मध्ये अहवाल आला. आयोगाने बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवलं, पण 264 गावं महाराष्ट्राला द्यावीत असंही म्हटलं, आणि त्यात निपाणी आणि खानापूर होतं. "अंतिम, अंतिम" म्हणणाऱ्या पोस्टरवर हे 264 कधी छापलेले बघितलेत? अंतिम असेल तर सगळाच अंतिम. निपाणी कधी देताय, असं त्यांना विचारा. तो पत्ता ते खालीच ठेवतात.

आता आपले पत्ते काढू. हा भाग काहींना आवडणार नाही, पण वाचा.

आयोग नेमा, ही मागणी महाराष्ट्राची होती. त्यासाठी सेनापती बापट म्हातारपणी उपोषणाला बसले. आपल्या पोस्टमध्ये आयोग जणू आकाशातून पडला आणि आपल्यावर लादला गेला. असं सांगितलं की पलीकडचा कुणीही एका वाक्यात आपल्याला गप्प करतो: "तुम्हीच मागितला होता ना?" आणि आपला पोरगा गांगरतो, कारण त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं. याचं प्रामाणिक उत्तर आहे. आयोग मागितला म्हणजे त्याने कुठलंही मोजमाप लावलं तरी डोळे मिटून मान्य, असं होत नाही, आणि आपला आक्षेप मोजमापावर आहे. पण हे उत्तर देण्यासाठी आधी गोष्ट पूर्ण माहीत हवी. लपवलेला पत्ता समोरच्याच्या हातात सापडला की हुकूम होतो.

त्याच अहवालात 247 गावं महाराष्ट्रातून कर्नाटकाला द्यावीत असं होतं, जत आणि अक्कलकोटकडची. आणि आयोगासमोर महाराष्ट्राने स्वतःहून साधारण 260 कन्नडबहुल गावं द्यायची तयारी दाखवली होती. का? कारण गाव हा घटक मानला तर तो दोन्ही बाजूंना लागू होतो. तत्त्व म्हणतात ते यालाच. आज मात्र जतचं नाव निघालं की आपलेच ग्रुप "एक इंचही देणार नाही" म्हणून पेटतात. 865 गावं मागताना गाव हा घटक, आणि जतचा विषय निघाला की राज्याची सीमा पवित्र? हे कोर्टात कसं मांडायचं? 27 डिसेंबर 2022 ला महाराष्ट्र विधिमंडळाने 865 गावांच्या इंच न इंच जमिनीचा ठराव एकमताने केला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. ठराव ठीक. पण "इंच" हा सैन्याचा शब्द आहे. आपली मागणी लोकांची आहे. कुठल्या गावातल्या लोकांची भाषा कुठली आणि त्यांना कुठे राहायचंय, हा तिचा गाभा. जमिनीची भाषा बोलायला लागलो की आपणच आपलं सूत्र सोडतो.

त्याच 2022 च्या शेवटी काय काय झालं ते नीट आठवा, कारण प्रोपगंडा शिकायला तेवढे दोन महिने पुरेत. नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले की जत तालुक्यातल्या गावांनी कर्नाटकात यायचा ठराव केलाय आणि सरकार त्यावर विचार करतंय. ऐकणाऱ्याला वाटलं, आत्ता, या आठवड्यात ठराव झाला. ठराव दहा वर्षं जुना होता, पाण्यासाठी वैतागलेल्या लोकांचा. वाक्यातून तारीख काढून टाकली की जुनी तहान नवीन फितुरी होते. पुढे 6 डिसेंबरला हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या ट्रकवर दगड पडले, इकडे कर्नाटकाच्या बसना काळं फासलं. 14 डिसेंबरला दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांना बसवून झाल्यावर अमित शहांनी सांगितलं की मोठ्या नेत्यांच्या नावाच्या बनावट ट्विटर खात्यांनी हा वाद वाढवला, गुन्हे नोंदवले जातील. हे म्हणणं पूर्ण पटो न पटो. विरोधकांनी तेव्हाच शंका घेतली होती. पण दोनच शक्यता उरतात. एकतर आपण बनावट खात्यांवर भडकलो, किंवा खऱ्या खात्यांवर भडकलो आणि नंतर त्यांनी हात झटकले. दोन्हीत दगड खाल्ला तो ट्रकवाल्याने.

त्याआधी वर्षभर, डिसेंबर 2021 मध्ये, पुतळे झाले. बंगळुरात शिवरायांच्या पुतळ्यावर शाई टाकली, व्हिडिओ फिरला, बेळगावात लोक रस्त्यावर आले, आणि रात्रीत संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची विटंबना झाली. मग अटकसत्र. कुणाची पोरं आत गेली ते तुम्ही बघितलंय. ही तिसरी युक्ती, उसनं तेज. महाराज आमचे, रायण्णा त्यांचे, आता लढा. पण शिवराय गेले 1680 ला आणि रायण्णांना इंग्रजांनी फाशी दिली 1831 ला. दीडशे वर्षांचं अंतर असलेल्या दोन माणसांना आपण एकमेकांचे वैरी केलं. रायण्णांना फाशी दिली ते ठिकाण कुठलं? नंदगड. आमच्या खानापूर तालुक्यातलं नंदगड, ज्याच्यावर आपला दावा आहे. समाधी तिथेच आहे. उद्या नंदगड महाराष्ट्रात आलं तर ती समाधी आपण सांभाळायची आहे ना? की शहाजीराजांची समाधी दावणगेरे जिल्ह्यात होदिगेरेला आहे म्हणून तिकडच्यांनी ती फोडावी? हे प्रश्न विचारले की पुतळ्यांवरचं राजकारण ढेपाळतं. म्हणून ते कुणी विचारू नयेत अशी व्यवस्था असते.

शब्दांचंही तेच. जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्राच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांकडून "कर्नाटकव्याप्त" हा शब्द आला. आपल्याला भारी वाटलं. लगेच तिकडच्या उपमुख्यमंत्र्यांनी मुंबईच कर्नाटकाला द्या म्हणून टाकलं. हेडलाईन दोघांनाही मिळाली. "व्याप्त" म्हटलं की डोळ्यांसमोर पाकव्याप्त काश्मीर येतं, आणि शेजारचा कन्नड दुकानदार परक्या देशाचा होतो. बेळगावच्या बाजारात एकाच गल्लीत चार भाषा बोलून धंदा करणाऱ्या माणसाला हे सांगून बघा. आणि कन्नडचा द्वेष करायचा असेल तर बेंद्रेंचं काय करायचं? घरी मराठी बोलणारे धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडमधले ज्ञानपीठ विजेते कवी आहेत. आपलं भांडण भाषेशी नाही. सरकारी कारभारात आपल्या भाषेला जागा न देणाऱ्या धोरणाशी आहे. "व्याप्त" हा शब्द हा फरकच पुसून टाकतो.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहितीये. "पोरी, तिकडे ते बिनधास्त खोटं बोलतात, आणि तू आम्हालाच सत्याचं प्रवचन देतेस? लढाईत सगळं चालतं."

नाही चालत. त्याचं कारण नीतीचं नंतर, हिशेबाचं आधी. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याचं खोटं पकडलं गेलं तर तो खुलासा काढतो आणि कामाला लागतो. पोलीस त्याचे, कार्यालयं त्याची. आपलं खोटं पकडलं गेलं तर आपल्यावर गुन्हा दाखल होतो. तो ज्याने मेसेज तयार केला त्याच्यावर नाही, ज्याच्या नंबरवरून पुढे गेला त्याच्यावर होतो. सैन्यभरतीच्या, पोलीसभरतीच्या तयारीला लागलेल्या आपल्या किती पोरांना चारित्र्य पडताळणीत एक जुनी केस नडू शकते, याचा विचार करा. मेसेज बनवणारा पुण्या-मुंबईत किंवा बंगळुरात निवांत बसलेला असतो.

फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगावजवळ बसमध्ये वाद झाला. काही तासांत त्याच्या दोन वेगवेगळ्या गोष्टी दोन भाषांमध्ये तयार झाल्या, चौकशी सुरू व्हायच्या आधीच. मग चित्रदुर्गाकडे महाराष्ट्राच्या एसटी चालकाला काळं फासलं, दोन्हीकडच्या बस थांबल्या. त्या दिवसांत चंदगडहून बेळगावच्या दवाखान्यात येणारा पेशंट, निपाणीहून कोल्हापूरला कॉलेजला जाणारी मुलगी, रस्त्यावर कोण उभं राहिलं? मराठीच माणूस. सीमेवर राहणाऱ्याला सीमा बंद झालेली परवडत नाही. ज्याला परवडते, तो सीमेवर राहत नाही.

एक गैरसमज मात्र होऊ देऊ नका. भावना म्हणजे प्रोपगंडा, असं मी म्हणत नाहीये. 1 नोव्हेंबरला काळ्या फिती लावून काढलेली सायकल फेरी प्रोपगंडा नाही. 17 जानेवारीला हुतात्म्यांना वाहिलेली फुलं प्रोपगंडा नाहीत. तिथे माणसं स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने, घडलेल्या गोष्टीबद्दल बोलतात. "बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणाही नाही, कारण ती मागणी आहे, तिच्यावर हो किंवा नाही म्हणता येतं, वाद घालता येतो. प्रोपगंडा ओळखायची साधी खूण मला वाटते ती अशी: तो तुम्हाला वाद घालू देत नाही. एक तर घाई करतो, नाही तर लाज काढतो.

आणि दुसरीकडे, जे खरं आहे ते कुणी शेअर करत नाही. 1956 मध्येच सातव्या घटनादुरुस्तीने कलम 350-ए आणि 350-बी आली. पहिलं भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा सांगतं, दुसऱ्याने त्यांच्यासाठी राष्ट्रपतींनी नेमलेला विशेष अधिकारी दिला. ज्या भागात अल्पसंख्याक भाषिक 15 टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाची सरकारी कागदपत्रं त्यांच्या भाषेत द्यावीत, असं मान्य झालेलं आहे. सातबाऱ्याला आपल्याकडे म्हणतात तो "उतारा" मराठीत मिळावा, ग्रामपंचायतीची नोटीस आजीला वाचता यावी, ही मागणी कोर्टाच्या निकालाची वाट न बघता आज, या आठवड्यात करता येते. तिला कुठला नेता देशद्रोह म्हणू शकत नाही. पण तिच्यात मारामारी नाही, संगीत नाही, म्हणून ती दहा ग्रुपवर जात नाही.

तर आता काय करायचं? मेसेज आला की पुढे ढकलायच्या आधी एवढं विचारा. हे कुणी काढलं आणि कधी, त्याचं नाव आणि तारीख आहे का? आकडा असेल तर तो जिल्ह्याचा, तालुक्याचा की गावाचा? यातून काय गाळलंय, म्हणजे समोरच्याला विचारलं तर तो कुठला पत्ता काढेल? वाचून मला राग आला, तर तो राग घेऊन मी नेमकं काय करावं अशी लिहिणाऱ्याची इच्छा आहे, आणि त्यात त्याचा फायदा काय? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: हाच मेसेज नावं उलटी करून, मराठीच्या जागी कन्नड टाकून आला असता, तर मी त्याला खोटं म्हटलं असतं का? उत्तर "हो" असेल तर तो आत्ताही खोटाच आहे.

गावोगावच्या ग्रुपमध्ये निदान एका माणसाने हे काम अंगावर घ्यावं. जुना व्हिडिओ आला की खाली लिहायचं, "हा जुना आहे, इथला नाही." लोक चिडतील. गद्दार म्हणतील. म्हणू देत, त्या शब्दाची किंमत ग्वाल्हेरमध्ये दर निवडणुकीला किती घसरते ते मी बघतेय. पलीकडच्यांचं खोटं पकडणारे आपल्याकडे हजार आहेत. आपलं खोटं आपल्याच ग्रुपवर, आपल्याच भाषेत, न घाबरता पकडणारे दहा जण मिळाले, तर पुढच्या 1 नोव्हेंबरला आपण जे बोलू ते कुणाला खोडता येणार नाही.